फर्नेस ऑइलवरील वीजकेंद्रात धुरातील गंधक काढताना कोळशापेक्षा काय वेगळे करावे लागते?

वाफयंत्र यांचा प्रश्न

नमस्कार.

आमच्या वीजकेंद्रात फर्नेस ऑइलवर, म्हणजे जड इंधन तेलावर, चालणारा २५० मेगावॉटचा एक संच आहे. तेलातील गंधकाचे प्रमाण वजनाने ३ टक्क्यांच्या आसपास असते. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडचे प्रमाण कोरड्या वायूच्या दर प्रमाणित घनमीटरला २०० मिलिग्रॅमच्या आत आणण्याचे बंधन आता आमच्यावर येणार आहे, आणि त्यासाठी उपलब्ध असलेल्या मार्गांची तुलना करून टिपण सादर करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माझी नोकरी बॉयलर आणि टर्बाइन यांच्यातच झाली असल्यामुळे रसायनांच्या बाजूने मला जाणकारांची मदत हवी आहे.

अडचण अशी की या विषयावर वाचायला मिळणारे बहुतेक सगळे साहित्य कोळशाच्या केंद्रांविषयी आहे. पुरवठादारांचे प्रतिनिधी सांगतात की तेलात राख नगण्य असते, त्यामुळे कोळशासाठी सिद्ध झालेली रचना थोडी लहान करून बसवली की काम भागते. हे मला पटत नाही, कारण दर मोठ्या देखभालीत आमच्या एअर प्रीहीटरच्या (धुराच्या उष्णतेने भट्टीत जाणारी हवा तापवणाऱ्या उपकरणाच्या) थंड टोकाकडील पत्रे खाल्लेले निघतात. त्यांच्या कडा इतक्या पातळ झालेल्या असतात की बोटांनी दाबल्यावर तुकडा हातात येतो, आणि त्यांवर हिरवट-पिवळा, हवा लागली की ओलसर होणारा थर साचलेला असतो. नुसत्या सल्फर डायऑक्साइडने असे होत नाही, एवढे मला कळते. मग धुणारा मनोरा उभारून केवळ त्याच वायूचा बंदोबस्त केला, तर गंधकाचा प्रश्न खरोखर सुटतो का? आणि तेलासाठी म्हणून वेगळा विचार कोठे करावा लागतो?

चुनखडी यांचा प्रतिसाद

आपली शंका योग्य आहे, पण दुसऱ्या अर्ध्या भागाकडे वळण्याआधी सल्फर डायऑक्साइडचा हिशेब कागदावर मांडून घ्यावा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे राहतात.

गंधकाचा अणुभार ३२ आणि सल्फर डायऑक्साइडचा रेणुभार ६४ असल्यामुळे जळलेल्या प्रत्येक किलो गंधकामागे दोन किलो वायू तयार होतो. आपल्या संचाची कार्यक्षमता ३८ टक्के आणि तेलाचे उष्मांकमूल्य किलोला ४० मेगाज्यूल धरले, तर पूर्ण भारावर तासाला सुमारे ६० टन तेल जळते. त्यात १.८ टन गंधक, म्हणजे तासाला ३.६ टन सल्फर डायऑक्साइड. एक किलो तेल जळाल्यावर, ३ टक्के ऑक्सिजन धरून, साधारण पावणेबारा घनमीटर कोरडा वायू निघतो, तेव्हा एकूण वायू तासाला ७ लाख घनमीटर आणि त्यातील सल्फर डायऑक्साइड घनमीटरला ५,१०० मिलिग्रॅमच्या घरात. हाच हिशेब उलटा वाचला तर तेलातील प्रत्येक एक टक्का गंधक म्हणजे घनमीटरला साधारण १,७०० मिलिग्रॅम, असे सूत्र हाती येते, आणि ते पाठच करून ठेवावे. ५,१०० वरून २०० वर यायचे तर ९६ टक्क्यांहून अधिक वायू पकडावा लागेल. अर्धवट उपाय, जसे की धुराच्या नळीत कोरडी चुन्याची पूड फवारणे, येथे पुरणार नाहीत, हे या एका आकड्यावरून ठरते.

या पातळीला विश्वासाने पोहोचणारी आणि सर्वांत जास्त वापरली गेलेली पद्धत म्हणजे ओली चुनखडी-जिप्सम पद्धत. चुनखडी इतकी बारीक दळतात की तिचा ९० टक्क्यांहून अधिक भाग ४४ मायक्रॉनच्या चाळणीतून खाली जावा. तिचे पाण्यातील मिश्रण, ज्याला सगळे स्लरीच म्हणतात, मनोऱ्यात वरून फवारले जाते आणि धूर खालून वर जातो. वायू पाण्यात विरघळून सल्फाइट तयार होते, तळाच्या टाकीत हवा फुंकून त्याचे सल्फेट केले जाते आणि जिप्समचे स्फटिक वाढतात. टाकीतील पीएच साधारण ५ ते ६ च्या दरम्यान धरावा लागतो. तो वर गेला तर चुनखडी न विरघळता जिप्सममध्ये वाया जाते, खाली गेला तर वायू पकडणे मंदावते. हवा कमी पडली, तर अर्धवट ऑक्सिडीकरण झालेले सल्फाइट चुनखडीच्या कणांवर आणि नोझलांवर पुटासारखे बसते, आणि मग पीएच कितीही चुनखडी ओतली तरी वर येत नाही. नव्या चालकांना ही खूण आवर्जून दाखवावी, कारण अशा वेळी हात आणखी चुनखडीकडे जातो, आणि गरज असते ती हवेची.

आपल्या आकड्यांवर ९६ टक्के पकड धरली, तर शुद्ध चुनखडी तासाला सव्वापाच टनांच्या वर लागेल, खडीची अशुद्धता आणि थोडी जादा मात्रा धरून सहा टनांची तयारी ठेवावी. जिप्सम कोरड्या वजनाने तासाला नऊ टनांच्या पुढे निघेल. दर घनमीटर वायूमागे १० ते १५ लिटर स्लरी फिरवावी लागते, म्हणजे पंपांना तासाला सात ते दहा हजार घनमीटर घट्टसर द्रव सतत वर चढवायचा आहे. संचाच्या स्वतःच्या वीजवापरात पडणारी भर मुख्यतः येथून आणि धुराच्या वाढीव दाबासाठी लागणाऱ्या पंख्यातून येते. चुनखडीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड तासाला सुमारे २.४ टन असेल. तेलातून निघणाऱ्या जवळजवळ १८५ टनांच्या तुलनेत तो सुमारे १.३ टक्के होतो, म्हणून त्या मुद्द्यावर टिपणात फार जागा खर्च करू नये.

आता तेलाचे वेगळेपण. कोळशाच्या धुरात राख घनमीटरला कित्येक ग्रॅम असते, तेलाच्या धुरात काही शे मिलिग्रॅम, हे खरे. पण कोळशाची राख बहुतांशी काचेसारखी आणि जड असते, तर तेलाची म्हणजे न जळलेल्या कार्बनचे हलके, पोकळ, छिद्रांचे कण, आम्लाने चिकट झालेले. स्थिरविद्युत गाळणीत, म्हणजे कणांना विद्युतभार देऊन पट्ट्यांवर ओढून घेणाऱ्या गाळणीत, हे कण पट्टीवर बसतात, चटकन आपला विद्युतभार गमावतात आणि पुन्हा प्रवाहात उडतात. जे मनोऱ्यापर्यंत पोहोचतात ते स्लरीवर तरंगून फेस धरतात, आणि जिप्सम राखाडी ते काळसर निघते. संच सुरू करताना बर्नर थंड असतात आणि अर्धवट जळलेल्या तेलाचा तवंग मनोऱ्यात येतो. त्याने फेस इतका वाढतो की टाकीची पातळी दाखवणारी उपकरणे चुकीचे सांगू लागतात. म्हणून तेलासाठी मनोऱ्याआधी चांगली गाळणी किंवा वेगळा धुण्याचा टप्पा असावा, आणि फेस मोडणाऱ्या द्रवाची सोय रचनेतच असावी, ती नंतर जोडण्याची गोष्ट नव्हे. तेलात क्लोराइड कोळशापेक्षा बरेच कमी असल्याने फिरत्या स्लरीतून काढून टाकावे लागणारे पाणी मात्र कमी राहते, हा फायदा आहे.

दवबिंदू यांचा प्रतिसाद

चुनखडी यांनी सल्फर डायऑक्साइडचे सविस्तर लिहिले आहे, म्हणून मी फक्त आपल्या खाल्लेल्या पत्र्यांविषयी लिहितो. माझ्या मते तेलाच्या केंद्रातील अवघड भाग तोच आहे, आणि धुणारा मनोरा विकत घेताना नेमका तोच विसरला जातो.

ते काम सल्फर ट्रायऑक्साइडचे आहे. जळालेल्या गंधकातील एक ते काही टक्के भाग डायऑक्साइडवर न थांबता ट्रायऑक्साइडपर्यंत जातो. कोळशातही हे घडते, पण तेथे अल्कधर्मी राख भरपूर असते आणि ती यातील बराचसा भाग शोषून घेते. तेलात ती राख नाही, उलट व्हॅनेडियम आहे. कच्च्या तेलातील व्हॅनेडियम ऊर्ध्वपातनानंतर उरणाऱ्या जड भागात एकवटते, आणि ज्वालेत त्याचे पेंटॉक्साइड बनते. गंधकाम्लाच्या कारखान्यात डायऑक्साइडचे ट्रायऑक्साइड करण्यासाठी उत्प्रेरक म्हणून मुद्दाम वापरतात तेच हे द्रव्य. सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्यांवर त्याचा थर बसला की आपला बॉयलर गंधकाम्लाच्या कारखान्याचा एक टप्पा स्वतःहून पार पाडू लागतो. शिवाय हे पेंटॉक्साइड ७०० अंशांच्या आतच वितळते, सोडियम सोबत असेल तर आणखी लवकर, आणि वितळलेल्या स्थितीत नळ्यांवरचा संरक्षक थर विरघळवते.

३ टक्के गंधकाच्या तेलात डायऑक्साइड दशलक्षात १,७०० भाग असेल, तर त्याच्या दोन टक्के म्हणजे ३०-३५ भाग ट्रायऑक्साइड होतो. आकडा लहान वाटतो, पण एवढ्याने धुराचा आम्ल-दवबिंदू, म्हणजे ज्याच्या खाली धुरातील आम्ल द्रवरूपात जमू लागते ते तापमान, १४० ते १५० अंशांच्या आसपास जातो. एअर प्रीहीटरच्या थंड टोकाला पत्र्याचे तापमान याहून कमी असते, म्हणून धुरातील पाण्याची वाफ अजून वाफच असताना त्या पत्र्यावर मात्र तीव्र गंधकाम्ल दवासारखे जमते. तुम्ही वर्णन केलेला हिरवट-पिवळा थर म्हणजे लोखंडाची सल्फेटे.

याच आम्लाने ओले झालेले काजळीचे कण धुराड्याच्या आतील भिंतीवर साचतात आणि भार बदलला की सुटून बाहेर पडतात. वाळत घातलेल्या पांढऱ्या कापडावर असा कण पडला की मध्ये मऊ काळा ठिपका आणि भोवती तपकिरी कडे उमटते, आणि धुतल्यावर त्या जागी भोक पडलेले दिसते. मोटारीच्या रंगावर पडला तर पुसून काढल्यावरही खरबरीत डाग राहतो. केंद्राच्या आसपास राहणाऱ्यांच्या तक्रारी बहुधा याच कणांमुळे असतात, कारण डायऑक्साइड डोळ्यांना दिसत नाही.

आता आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर. धुणारा मनोरा ट्रायऑक्साइड नीट पकडत नाही. गरम धूर मनोऱ्याच्या तोंडाशी एकदम ५०-५५ अंशांपर्यंत थंड होतो, तेव्हा ट्रायऑक्साइड वाफेशी मिळून मायक्रॉनहून लहान आम्लबिंदूंचे धुके बनते. हे बिंदू वायूच्या रेणूंसारखे चपळाईने पसरून द्रवापर्यंत पोहोचत नाहीत, आणि फवाऱ्याच्या थेंबांवर आपटण्याइतके जडही नसतात. प्रवाहाबरोबर वळसा घालून बराचसा भाग निघून जातो. परिणामी डायऑक्साइड ९६ टक्के काढलेला असतानाही धुराड्यावर निळसर झाक असलेली रेघ लांबवर दिसत राहते.

म्हणून ट्रायऑक्साइडचा बंदोबस्त मनोऱ्याच्या आधी करावा लागतो. सर्वांत स्वस्त उपाय भट्टीतच आहे: जादा हवा कमी ठेवणे. बाहेर पडणाऱ्या वायूत ऑक्सिजन एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली राखता आला, तर ट्रायऑक्साइड लक्षणीय घटतो. मात्र हवा कमी केली की काजळी वाढते, आणि त्या काजळीचे काय होते ते वर आलेच आहे. त्यामुळे हा उपाय फक्त अशाच बॉयलरला लागू पडतो, ज्याच्या बर्नरांचे तुषारीकरण (तेलाचे बारीक थेंब करणे) उत्तम आहे, तेल योग्य श्यानतेपर्यंत (दाटपणापर्यंत) तापवले जाते आणि प्रत्येक बर्नरला हवेचा वाटा सारखा मिळतो. एक बर्नर बिघडलेला असेल तर सरासरी ऑक्सिजनचा आकडा काहीच सांगत नाही. दुसरा उपाय म्हणजे तेलात किंवा भट्टीत मॅग्नेशियम ऑक्साइड घालणे. ते व्हॅनेडियमशी मिळून अधिक तापमानाला वितळणारी संयुगे करते, उत्प्रेरकाचा जोर कमी करते आणि काही आम्लही उदासीन करते. तिसरा, जो जपानमधील तेलाच्या केंद्रांत वापरला गेला, तो म्हणजे स्थिरविद्युत गाळणीच्या आधी धुरात अमोनिया सोडणे. ट्रायऑक्साइड अमोनियम सल्फेटच्या रूपाने घन होतो आणि गाळणीत अडकतो. आणि शेवटचा, खर्चिक पण खात्रीचा उपाय म्हणजे मनोऱ्यानंतर ओली स्थिरविद्युत गाळणी, जी आम्लाचे धुके आणि उरलेली बारीक काजळी दोन्ही पकडते.

आपल्या संचात मी आधी पहिले दोन उपाय करून ट्रायऑक्साइड कोठवर उतरतो ते मोजले असते आणि मगच ओल्या गाळणीचा निर्णय घेतला असता.

वाफयंत्र

दोघांचेही मनापासून आभार. पत्र्यांवरचा थर आणि मनोऱ्याची मर्यादा यांचा संबंध प्रथमच स्पष्ट झाला.

एक गोष्ट सांगायची राहिली. केंद्र समुद्रकिनारी आहे आणि कंडेन्सर समुद्राच्या पाण्यानेच थंड होतो. त्यामुळे येथील काही सहकाऱ्यांचे म्हणणे असे की चुनखडी, दळण, जिप्सम हा सगळा पसारा टाळून समुद्राच्या पाण्यानेच धूर धुवावा, कारण पाणी तर आपण आधीच उचलतो आहोत. तेलाच्या बाबतीत हे कितपत व्यवहार्य आहे?

खारेपाणी यांचा प्रतिसाद

कल्पना चांगली आहे आणि जुनीही. लंडनमधील बँकसाइड वीजकेंद्र तेलावर चालत असे, आणि तेथे थेम्स नदीच्या पाण्याने, त्यात खडूची पूड मिसळून, धूर धुतला जात असे. समोरच्या काठावर सेंट पॉल कॅथीड्रल असल्यामुळे त्या जागी न धुतलेला धूर सोडणे कोणाला मान्य झाले नसते. ते केंद्र १९८१ मध्ये बंद झाले आणि २००० पासून त्या इमारतीत टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय आहे. तेथील अनुभवातून दोन गोष्टी कळल्या, आणि त्या आजही लागू आहेत. धुतलेला धूर थंड आणि जड होतो, वर न चढता खाली उतरतो, आणि त्यात उरलेला थोडासा वायूही जवळच जमिनीवर येतो. दुसरी गोष्ट, हवेतून काढलेले गंधक पाण्यात गेले, तर त्या पाण्याची जबाबदारी आपल्यावर येते.

समुद्राच्या पाण्याचे बलस्थान त्यातील बायकार्बोनेट हे आहे. मोकळ्या समुद्रात क्षारता, म्हणजे आम्ल उदासीन करण्याची क्षमता, लिटरला साधारण २.३ मिलिइक्विव्हॅलंट असते (एक इक्विव्हॅलंट क्षारता एक इक्विव्हॅलंट आम्ल उदासीन करते). सल्फेट तर समुद्रात मुळातच लिटरला सुमारे २.७ ग्रॅम आहे, त्यामुळे पूर्ण ऑक्सिडीकरण होऊन सल्फेटच्या रूपाने परत गेलेले गंधक समुद्राला परके नसते. पण ही पद्धत विकणारे येथेच थांबतात, आणि खरा हिशेब येथून सुरू होतो.

सल्फर डायऑक्साइडच्या प्रत्येक मोलमागे, सल्फेटपर्यंत जाताना, दोन इक्विव्हॅलंट आम्ल तयार होते. चुनखडी यांच्या आकड्यांवरून तासाला ३.४ टनांहून थोडा अधिक वायू पकडायचा, म्हणजे सुमारे ५३,५०० मोल, म्हणजेच १,०७,००० इक्विव्हॅलंट आम्ल. ते उदासीन करायला तासाला किमान ४६,००० घनमीटर पाणी लागेल, आणि यात पाण्याची सगळी क्षारता संपवून टाकलेली आहे. समुद्रात परत सोडताना पीएच ६ च्या वर हवा असेल तर आणखी पाणी मिसळावे लागते. आता आपल्या कंडेन्सरकडे पाहा. पाण्याचे तापमान ८ ते १० अंशांनी वाढू द्यायचे ठरवले, तर २५० मेगावॉटच्या संचाला तासाला ३०,००० ते ४०,००० घनमीटर पाणी फिरते. म्हणजे आपण उचलतो आहोत ते सगळे पाणी वापरूनही ३ टक्के गंधकाच्या तेलाला ते पुरत नाही. तेलात एक टक्का गंधक असते तर साधारण १५,००० घनमीटरमध्ये भागले असते आणि उरलेले पाणी मिसळून पीएच सहज वर आणता आला असता. समुद्राच्या पाण्याची पद्धत कमी गंधकाच्या इंधनाला शोभते, आणि आपल्या सहकाऱ्यांनी हा एक गुणाकार केला तर वाद तेथेच मिटेल.

पाणी पुरत असले, तरी मनोऱ्यातून निघालेले आम्लयुक्त पाणी तसेच सोडता येत नाही. त्यात सल्फाइट असते आणि ते पाण्यातील ऑक्सिजन खाते. म्हणून मोठ्या उघड्या कुंडात त्यात हवा फुंकतात. सल्फाइटचे सल्फेट होते, कार्बन डायऑक्साइड उडून जातो, त्याने पीएच आणखी वर येतो, आणि पाण्यातील ऑक्सिजन पूर्ववत होतो. ही कुंडे बरीच जागा व्यापतात, आणि हवा फुंकणाऱ्या यंत्रांची वीज हिशेबात धरावी लागते. केंद्र नदीच्या मुखाजवळ असेल, तर पावसाच्या दिवसांत गोडे पाणी मिसळून क्षारता किती बदलते याची वर्षभराची मोजणी हाताशी असल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आणि शेवटी दवबिंदू यांच्या मुद्द्याशी जोडून: समुद्राच्या पाण्याने धुताना काजळी, व्हॅनेडियम आणि निकेल यांना जिप्समसारखे बसायला काही घन द्रव्य नसते. गाळणीतून जे सुटेल ते थेट पाण्यात. मला या पद्धतीबद्दल आस्था आहे, पण मनोऱ्याआधी कार्यक्षम गाळणी नसताना तेलाच्या संचावर ती बसवणे मी अयोग्य मानतो. मासेमारी जवळ असेल तर हे दुप्पट खरे आहे.

मधला एक मार्ग आहे. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडने धुतल्यास मॅग्नेशियम सल्फेट होते, ते पाण्यात पूर्ण विरघळते, मनोऱ्यात चिकटत नाही, आणि समुद्रात मॅग्नेशियम व सल्फेट दोन्ही विपुल आहेत. आपल्या संचाला ते तासाला तीन टनांच्या थोडे वर लागेल. कॉस्टिक सोडा घेतला तर सव्वाचार टन लागेल. त्याची यंत्रणा सर्वांत साधी आणि आटोपशीर, पण रसायनाचा खर्च कायमचा मानगुटीवर बसतो, म्हणून तो लहान बॉयलरांनाच परवडतो.

इंधनवही यांचा प्रतिसाद

थोडक्यात लिहितो. कोणत्याही मनोऱ्याची किंमत काढण्याआधी दोन आकडे हवेत: संच वर्षातून किती तास चालणार आणि आणखी किती वर्षे चालणार. तेलाचे पुष्कळ संच फक्त जास्त मागणीच्या वेळी चालवले जातात. वर्षाकाठी काही शे तास चालणाऱ्या संचाला मोठी धुण्याची यंत्रणा बसवणे, ती गरम-थंड करत राहणे आणि तिच्यातील स्लरी सतत ढवळत ठेवणे हे पैशाच्या आणि देखभालीच्या दोन्ही दृष्टींनी चुकीचे ठरते. तेथे इंधन बदलणे हाच मार्ग.

मात्र इंधन बदलणे म्हणजे काय, हे चुनखडी यांच्या सूत्रात घालून पाहावे. एक टक्का गंधकाचे तेल १,७०० मिलिग्रॅम देते. ०.५ टक्क्याचे तेल, म्हणजे १ जानेवारी २०२० पासून जहाजांना बंधनकारक झालेल्या मर्यादेचे तेल, ८५० देते. २०० च्या आत येण्यासाठी गंधक ०.१२ टक्क्याच्या खाली हवे, आणि तेवढे स्वच्छ तेल म्हणजे जवळजवळ डिझेलच्या जातीचे इंधन. त्याची श्यानता, वंगणक्षमता आणि प्रज्वलनांक निराळे असतात. पंप, बर्नरच्या चकत्या, तेल तापवणारी यंत्रणा आणि सुरक्षेची व्यवस्था सगळे तपासावे लागते. जड तेल आणि कमी गंधकाचे तेल एकाच टाकीत मिसळताना ॲस्फाल्टीन (तेलातील डांबरासारखा जड भाग) वेगळे होऊन गाळ बसण्याचा धोका असतो, तेव्हा दोन्ही तेले एकमेकांत स्थिर राहतात का याची चाचणी प्रत्येक खेपेला करावी.

संच वर्षभर चालणार असेल तर माझा आग्रह नाही. तेथे मनोराच योग्य.

वाफयंत्र

संच बहुतांश वर्ष चालतो, आणि आणखी पंधरा वर्षे तरी चालवण्याचा विचार आहे. त्यामुळे माझा कल आता ओल्या चुनखडी पद्धतीकडे, आणि त्याआधी भट्टीतील सुधारणांकडे झुकला आहे. दोन शंका राहतात. काळसर जिप्सम कोणी घेईल का? आणि व्हॅनेडियम शेवटी जाते कोठे?

चुनखडी यांचा प्रतिसाद

जिप्समच्या तक्त्यांसाठी पांढरेपणा आणि शुद्धता लागते, म्हणून काजळीने काळवंडलेला माल तेथे नाकारला जातो. सिमेंटमध्ये ते घट्ट होण्याचा वेग आवरण्यासाठी मिसळतात, आणि तेथे रंगाला एवढे महत्त्व नसते. तरीही ओलावा, उरलेली चुनखडी, सल्फाइट आणि जड धातू यांच्या मर्यादा घेणारा लेखी देईल तेव्हाच तो ग्राहक समजावा. १९७० च्या दशकात जपानमध्ये धुण्याची यंत्रणा सुरुवातीला मोठ्या प्रमाणावर तेलाच्या बॉयलरांवरच आली, आणि तेथे जिप्सम करण्यावर भर दिला गेला याचे एक कारण असे की त्या देशात नैसर्गिक जिप्सम फारसे नव्हते आणि ते घेणारे उद्योग तयार होते. त्यामागची निकड मात्र वेगळी होती: योक्काइची येथे जास्त गंधकाचे तेल जाळणाऱ्या उद्योगांच्या धुराने लोकांना दम्याने ग्रासले, आणि १९७२ मध्ये न्यायालयाने त्या उद्योगांना जबाबदार धरले. घेणारा नसेल तर तासाला नऊ टन जिप्सम साठवण्यासाठी जागा, तळाचे अस्तर आणि झिरपणाऱ्या पाण्याची व्यवस्था हे पहिल्याच अंदाजपत्रकात धरावे लागेल.

दवबिंदू यांचा प्रतिसाद

व्हॅनेडियमबद्दल. समजा तेलात ते दशलक्षात २०० भाग आहे, तर तासाला ६० टन तेलातून १२ किलो व्हॅनेडियम बॉयलरमध्ये जाते. काही भाग नळ्यांवर आणि एअर प्रीहीटरवर बसतो, बराचसा गाळणीच्या राखेत जातो, उरलेला मनोऱ्यात. गाळणीची राख व्हॅनेडियमने इतकी समृद्ध असू शकते की धातू परत मिळवणारे उद्योग ती घेतात, म्हणून ती कोरडी आणि वेगळी साठवावी, इतर कचऱ्यात मिसळू नये. ती हाताळणाऱ्यांना श्वसनाचे संरक्षण अनिवार्य आहे, कारण व्हॅनेडियम पेंटॉक्साइडची धूळ फुप्फुसांना घातक असते. बॉयलर बंद करून आतून धुताना निघणारे पाणीही याच वर्गातले: आम्लयुक्त, लोह, निकेल आणि व्हॅनेडियमने भरलेले. ते पावसाच्या गटारात सोडलेले मी एका केंद्रात पाहिले आहे, आणि नंतर त्या नाल्याच्या काठाची माती खणून काढावी लागली. मनोऱ्याच्या सांडपाण्यासाठी उभारली जाणारी शुद्धीकरण यंत्रणा बॉयलरच्या धुण्याचे पाणीही घेऊ शकेल, एवढी तिची क्षमता ठेवावी. वेगळ्या यंत्रणेपेक्षा ते स्वस्त पडते.

शेवटी निविदेविषयी. पुरवठादार हमी देतात ती डायऑक्साइडच्या टक्केवारीची. त्यासोबत मनोऱ्यानंतरच्या वायूतील ट्रायऑक्साइड, म्हणजेच आम्लाचे धुके, आणि धुळीचे प्रमाण यांची हमी स्वतंत्रपणे मागावी. ट्रायऑक्साइडचे मापन नियंत्रित संघनन पद्धतीने, नमुन्याची नळी आम्ल-दवबिंदूच्या बरीच वर तापवून व्हावे, असे करारातच लिहावे. नळी थंड राहिली तर आम्ल नळीतच जमते आणि आकडा समाधानकारक दिसतो. चाचणी पूर्ण भारावर आणि कमी भारावर, अशी दोनदा घ्यावी, आणि त्या दिवशी टाकीतील तेलाचा नमुना दोन्ही पक्षांच्या सहीने सीलबंद करून ठेवावा, कारण हमी ३ टक्के गंधकाची आणि चाचणी २ टक्क्यांच्या तेलावर, असे झाल्यास पुढे काहीच सिद्ध करता येत नाही.